डबा बंद केला तेव्हापासून

"पहिल्यांदा तुमच्या लक्षात केव्हा आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी साधा होता, आणि विचारताना त्यांनी वरही पाहिलं नव्हतं. पेन कागदावर टेकवून त्या उत्तराची वाट बघत होत्या. विचारलं होतं धाकटीला. धाकटी म्हणजे तशी पन्नाशीची बाई, एका मोठ्या शाळेची उपमुख्याध्यापिका, चाळीस शिक्षकांचं वेळापत्रक एकहाती बसवणारी. मुलं तिला पाठीमागे वेळापत्रकबाई म्हणायची. पण शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसलेली ताई तिला जन्मापासून धाकटी म्हणत आली होती, आणि ताई जवळ असली की ती धाकटीच व्हायची. "हिला विचारा," ताई हसून म्हणाली. "हिला सगळ्यांच्या वेळा पाठ असतात." मग धाकटी म्हणाली, "सहा महिने. सहा-सात महिने झाले असतील."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग लिहिलेलं पुन्हा वाचलं, मेंदूच्या फोटोचा कागद पुढे ओढला, थोड्या वेळापूर्वी ताईला विचारलेल्या प्रश्नांचा तक्ता त्याच्या शेजारी ठेवला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सहा महिन्यांत इतकं?" त्या म्हणाल्या. "हे फार झपाट्याने झालंय मग. नेहमीचा विसरण्याचा आजार इतका धावत नाही. दुसरं काही आहे का ते बघायला हवं. आजच दाखल करून घेऊ. पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून तपासावं लागेल, आणखी काही तपासण्या आहेत, तीन-चार दिवस मोडतील." "पाठीत सुई?" ताईने विचारलं. "थोडं दुखेल, आजी. नंतर काही तास उताणं पडून राहायचं, एवढंच." ताईला कधी कोणी आजी म्हटलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं, आजी कुठे आहेत म्हणून. मग धाकटीच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "तू असशील ना?" "असेन की," धाकटी म्हणाली. तिचं मनगट गार पडलं होतं, आणि ताईचा हात मात्र नेहमीसारखाच कोमट होता.

बाहेर दाखल करून घेण्याच्या खिडकीपुढे लाकडी बाकांच्या रांगा होत्या. एक छापील आकडा हातात घेऊन दोघी बसल्या. सकाळचे साडेदहा झाले होते. शाळेत आता तिसरा तास सुरू असेल, तिच्या वर्गावर विज्ञानाच्या सरांना धाडलंय, ते कुरकुर करत फळ्यापुढे उभे असतील. हे सगळं तिला न ठरवता दिसत होतं. कुणी आलं नाही की रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा दिसली की ती भरायची. वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. तेवढ्यात मांडीवरच्या फोनने अंग हलवलं. 'या आठवड्याचं जेवण आज बारा ते एकच्या दरम्यान घरपोच.' तिला आठवलं, आज घरी कोणी नसणार. वार बदलावा म्हणून तिने बोटाने दार उघडावं तसं ते अ‍ॅप उघडलं. वरच्या पट्टीत एक हसरा चमचा होता, आणि त्याच्या खाली लिहिलं होतं: 'आपल्या सोबतीला आज दोन वर्षं, दोन महिने!' धाकटी त्या ओळीकडे बघत राहिली. वाक्य तेवढंच होतं. पण कोणीतरी मागून येऊन तिच्या खांद्यावर बोट ठेवावं आणि म्हणावं, ही बघ तारीख, तसं तिला झालं.

कारण ती तारीख जेवणाची नव्हतीच. ताई चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिला कोणी जेवू घातलं असेल तर ताईने. ताई एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. शेकड्यांनी नंबर तिला तोंडपाठ, साहेब नुसता "तो चिडका कंत्राटदार" म्हणाला की ही नंबर फिरवायची. लग्न केलं नाही, का केलं नाही हे धाकटीने कधी विचारलं नाही. पुढे कारखान्यात आपोआप जोडणारी यंत्रं आली, बोर्ड निघाला, आणि एक्कावन्नाव्या वर्षी ताई घरी बसली. त्याच सुमारास धाकटी उपमुख्याध्यापिका झाली होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, कुठे कोण कोणत्या मजल्यावर अडकेल आणि त्याला कधी धावावं लागेल याचा नेम नाही. लेक चार वर्षांची. संध्याकाळी तिघं घरी पोचायची ती तीन वाळलेली तोंडं घेऊन. "दोन गल्ल्या तर सोडून राहते," ताई म्हणाली होती. "माझ्या एकटीच्या भातात तुमचा भात टाकला तर असा काय मोठा डोंगर आहे?" तेव्हापासून रोज सात वाजता घंटी वाजायची आणि दारात ताई, हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन डबे, भात, भाजी, रस्सा. अकरा वर्षं. लेकीच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर वर वर चढत गेल्या त्या त्याच डब्यांवर.

सुरुवात मिठापासून झाली होती. एकदा रस्सा इतका खारट आला की नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "ताईंनी आज समुद्र आटवला वाटतं." सगळे खो खो हसले. धाकटीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात भाजीत मिठाचा कण नव्हता. मग भोपळा आला, दुसऱ्या दिवशीही भोपळा, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी घंटी वाजली तेव्हा आत लेक आणि नवरा पैजा लावत होते. बटाटे बाहेरून मऊ आणि आतून कच्चे यायला लागले. एके दिवशी पालेभाजीत जुडीला बांधलेला रबर तसाच शिजून आला. लेकीने तो दोन बोटांत धरून वर उचलला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि त्या दिवसापासून ती पावाला लोणी लावून खायला लागली. "मावशीने मला आज पुन्हा विचारलं, कितवीत आहेस म्हणून," तीच एकदा म्हणाली होती. "कालही विचारलं होतं." धाकटी तेव्हा पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "थट्टा करते गं ती तुझी." आता बाकावर बसून तिला ते वाक्य ऐकू आलं. स्वतःच्याच आवाजातलं, घाईतलं, दाराला कडी घालावी तसं. पंधरा वर्षांच्या पोरीला दिसलं होतं. आपल्याला दिसलं नव्हतं असंही नाही. आपण कानाडोळा केला, आणि ते आपल्याला त्या वेळी समजूतदारपणासारखं वाटलं.

मग नवरा म्हणाला, "बाहेरून जेवण लावू या. हल्ली सगळेच लावतात." एका रविवारी तिघं टेबलाभोवती बसली. नवऱ्याला कुठलीही निवड करायची म्हटली की कागद लागतो. त्याने रेघा मारल्या. एक कंपनी आठवड्याचं जेवण एकदम गोठवून पाठवायची, चौकोनी तबकं, हवं तेव्हा गरम करा. दुसरी रोज ताजं गरम पाठवायची, पण वेळेचा भरवसा नाही असं लोकांनी लिहिलं होतं. तिसरी चिरलेल्या भाज्या, मोजलेले मसाले आणि कृतीचा कागद धाडायची. "म्हणजे करायचं आपणच!" लेक म्हणाली. "मग ते तयार कसलं?" तिघं पुन्हा हसली. बऱ्याच दिवसांनी तिघं एका वेळी एका टेबलाशी बसली होती, आणि धाकटीला तो रविवार सुखाचा म्हणूनच आठवत होता. शेवटी पहिल्या, गोठवलेल्या तबकांवर बोट ठेवलं आणि एक आठवडा प्रयोग म्हणून मागवलं. लेकीने चांदण्या दिल्या, पाचपैकी चार. आणि खरं सांगायचं तर जेवण चांगलं होतं. त्यात काही खोट काढायला जागा नव्हती, आजही नाही. मीठ बेताचं, भाज्या रोज वेगळ्या, वेळेवर येणारं, वाया न जाणारं. पहिल्या महिन्यात धाकटीचं वजन दोन किलोने वाढलं आणि डोकेदुखी गेली. कामात बुडालेल्या घराला असा आधार मिळाला की काय वाटतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. शिक्षकांच्या खोलीत ती चार जणींना त्याचा नंबर देत सुटली होती.

नाव नोंदवताना कंपनीने प्रश्न विचारले होते. घरात किती जण, कोणाला काय चालत नाही, तिखट किती. शेवटचा प्रश्न होता, 'आमच्याकडे का वळावंसं वाटलं?' त्याला उत्तर द्यायलाच हवं असं नव्हतं. पण मोकळा तास होता, आणि रिकामा रकाना तिला बघवत नाही. धाकटीने आता बाकावर अंगठ्याने खाली खाली सरकवत ते पान शोधून काढलं. तिचंच उत्तर होतं, शुद्धलेखनासकट, पूर्णविरामासकट: 'आम्हाला घरगुती डबा येत असे. गेले तीन महिने चव बिघडली आहे. मीठ कधी दुप्पट, कधी मुळीच नसते. तेच तेच पदार्थ पुन्हा येतात, काही कच्चे असतात. करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष नसावे.' डॉक्टरीणबाईंनी जे विचारलं होतं ते सगळं तिने दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. मुद्देसूद, एकही लक्षण न गाळता. फक्त भलत्याच माणसांना लिहिलं होतं. 'करणाऱ्या व्यक्तीचे.' ताई असं नाही, बहीण असंही नाही. ती ओळ तिने पुन्हा वाचली नाही. फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"काय गं?" ताईने विचारलं. "शाळेतून आहे का?" "हो," धाकटी म्हणाली. ताईने समजुतीने मान हलवली आणि समोरच्या भिंतीवरचं रुग्णांसाठीचं सूचनापत्रक मोठ्याने वाचायला लागली, एकेक शब्द स्वच्छ, पूर्वी बोर्डावर बोलायची तसा. शब्द तिला अजून सगळे येत होते. ओळ संपली की ती पुन्हा पहिल्या ओळीवर यायची.

ताईला सांगायला धाकटी एका शनिवारी दुपारी गेली होती. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला कणभर हिरवं लागलं होतं, बहुतेक भाजी निवडत असावी. स्वयंपाकघरात ओट्यालगतच्या भिंतीवर वहीतला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन शब्द एकाखाली एक, 'मीठ', 'गॅस', 'दार', आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. काही खोडलेल्या, काही दोनदा गिरवलेल्या. धाकटी म्हणाली होती, "वा! तूपण वेळापत्रक करायला लागलीस की!" ताई हसली होती. कसं हसली होती? धाकटीने बाकावर डोळे मिटून तो चेहरा पुन्हा समोर आणायचा खूप प्रयत्न केला. तिला फक्त कागद दिसत होता. मग तिने जुळवलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. ताई, तुझी किती दगदग होते, आता तुझं वय झालं, आम्हालाच वाईट वाटतं, म्हणून आम्ही बाहेरून जेवण लावलंय, सोमवारपासून तू अगदी आराम कर. ताई ओट्याची कड पदराने पुसत राहिली. आणि मग ती म्हणाली, "बरं केलंस गं. मला ना, हल्ली मधेच कळत नाही, मीठ घातलं की घालायचं राहिलंय. उभीच राहते भांड्यापुढे. मग भीती वाटते आणि परत घालते."

म्हणजे तिने सांगितलं होतं. अर्धवट नाही, आडून नाही, सरळ सांगितलं होतं, आणि भीती हा शब्दही वापरला होता. ज्या बाईने नऊ वर्षांच्या पोरीला वाढवताना, एकटीने घर चालवताना, नोकरी गेली तेव्हासुद्धा तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता, तिने. आणि धाकटीने काय केलं? धाकटीला इतकं हलकं वाटलं होतं, ताई रडली नाही, रागावली नाही, अवघड काम पाच मिनिटांत उरकलं, की ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "मला तरी कुठे काय कळतं? चाळीस जणांच्या वेळा जुळवून माझंही डोकं फिरलंय. चालायचंच!" ताईने तिच्याकडे पाहिलं. या वेळचा चेहरा धाकटीला नीट आठवत होता. आपण दिलेली वस्तू समोरच्याने न बघता बाजूला ठेवली की माणूस जसा ती हळूच परत उचलून घेतो, तसं काहीतरी ताईच्या चेहऱ्यावरून गेलं. "चालायचंच," ताई म्हणाली. मग दोघींनी चहा घेतला. त्यानंतर ताईने तो विषय पुन्हा काढला नाही, कधीच.

डबा बंद झाला आणि सात वाजता घंटी वाजायची थांबली, एवढंच झालं असं सगळ्यांना वाटलं. पण त्या डब्याबरोबर रोजचं एक बघणं बंद झालं होतं. आधी ठरलं, रविवारी ताईकडे जायचं. मग एका रविवारी परीक्षेचे पेपर आले, एका रविवारी नवऱ्याला कोणत्या तरी इमारतीत जावं लागलं, लेकीचे क्लास सुरू झाले. महिन्यातून दोनदा झालं, मग एकदा. फोन व्हायचे. फोनवर ताई उत्तम असायची. जन्मभर फोनवर बोलून पोट भरलेली बाई, तिला समोरच्याला काय ऐकायचंय ते बरोबर समजायचं. "मजेत," म्हणायची. "तू सांग. पोरगी काय म्हणते?" पोरीचं नाव ती घेत नाही, हे धाकटीच्या ध्यानात आलं नाही. दीड वर्षं आलं नाही. आणि मग सहा महिन्यांपूर्वी ताईच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. ताई जिन्यात उभी होती, दोन तास, हातात किल्ली घेऊन, कोणतं दार आपलं ते न कळून. त्या शिंपीणबाई चांगल्या होत्या, कोणाला दोष देणाऱ्यातल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." तेव्हापासून धावपळ सुरू झाली, हे डॉक्टर, ते डॉक्टर, गोळ्या. आणि धाकटीच्या मनाने तिथेच एक रेघ ओढली. इथून आजार सुरू. त्या रेघेच्या अलीकडे ती धावणारी, काळजी घेणारी, रजा काढणारी बहीण होती. पलीकडे कोण होतं ते बघायची गरज नव्हती.

खिडकीवरचा आकडा पुढे सरकला. अजून तीन जण होते. धाकटी स्वतःशी वाद घालत होती, आणि वादात तिला नेहमीच जिंकायची सवय होती. तपासणी झाली म्हणून काय बिघडतं? उलट सगळं एकदा नीट बघून होईल. डॉक्टर म्हणतात तर करावं. सहा महिने आणि दोन वर्षं, यांत आता काय फरक पडणार आहे, पुढे जे व्हायचं ते होणारच. आणि सांगायचं कसं? परत आत जायचं, त्या तरुण बाईपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, मला ठाऊक होतं, मी लिहूनसुद्धा ठेवलंय, ताईचं लक्ष नाही म्हणून मी डबा बदलला. शाळेत एखादी मुलगी रडत येऊन कबूल करते तेव्हा आपण तिला काय म्हणतो? शाबास, खरं बोललीस. किती सोपं असतं टेबलाच्या अलीकडे बसून.

"धाकटे," ताई हळूच म्हणाली. तिने वाचन थांबवलं होतं. ती धाकटीच्या कानाशी वाकली, एखादं गुपित सांगावं तशी. "सुई दुखली तरी मी ओरडणार नाही हं. तुला लाज वाटायला नको इतक्या लोकांत."

धाकटी उठली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ पायाला प्लॅस्टर घालून बसले होते. त्यांना म्हणाली, "माझ्या बहिणीकडे पाच मिनिटं बघाल का?" त्यांनी मान हलवली. ती परत त्या खोलीच्या दाराशी गेली. आत दुसरा रुग्ण होता, तो बाहेर येईपर्यंत ती दाराबाहेरच उभी राहिली, दोन्ही हातांत फोन धरून, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मग आत जाऊन न बसताच म्हणाली, "मी मघाशी चुकीचं सांगितलं. सहा महिने नाहीत. दोन वर्षं दोन महिने. त्याच्याही आधी तीन महिने." डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "नक्की?" "नक्की. तारीख आहे माझ्याकडे." आणि तिने फोन पुढे केला, त्या पानासकट. डॉक्टरीणबाईंनी वाचलं. हसरा चमचा बघून त्यांना काही समजेना. मग समजलं. त्यांनी फोन अलगद टेबलावर ठेवला. "बसा," त्या म्हणाल्या.

धाकटी बसली आणि सांगत गेली. मीठ, भोपळा, रबर, लेकीला विचारलेला प्रश्न, भिंतीवरचा कागद. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. "आणि तिने मला सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "त्यांनी स्वतः?" पेन थांबलं. "कोणत्या शब्दांत, आठवतं?" धाकटीला एकेक शब्द आठवत होता. मधेच कळत नाही, उभीच राहते भांड्यापुढे, भीती वाटते आणि परत घालते. ती ते म्हणत गेली आणि त्या बाई ते जसंच्या तसं कागदावर उतरवत गेल्या, आणि अर्ध्या वाक्यातच धाकटीचा आवाज फुटला. डॉक्टरीणबाईंनी तिला पुरं करू दिलं. मग आधीचा कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली. "मग हा नेहमीचाच आजार दिसतोय, हळूहळू आलेला. तर मग दाखल करायची घाई नको. सुईही नको आत्ता. बरं झालं सांगितलंत."

"तेव्हाच आणलं असतं तर?" धाकटीने विचारलं. तिला वाटलं होतं, त्या म्हणतील, काही फरक पडला नसता. तेवढं वाक्य घेऊन ती घरी जायला तयार होती. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "आजार थांबला नसता," त्या म्हणाल्या. "औषध हेच दिलं असतं, जरा आधी. पण तेव्हा त्यांना समजत होतं की आपल्याला काहीतरी होतंय. त्यांना विचारता आलं असतं. कुठे राहायचंय, कोणाजवळ, काय हवं, काय नको. आता त्यातलं बरंचसं तुम्हालाच ठरवावं लागेल. आणि..." त्या थांबल्या. "आणि काय?" "काही नाही. ती दोन वर्षं त्यांना एकटीने काढावी लागली नसती."

बाहेर आल्यावर ताईला सांगितलं, सुई नाही, घरी जायचं. ताई प्लॅस्टरवाल्या गृहस्थांना त्यांच्या मुलाचा फोन नंबर पाठ करायची युक्ती शिकवत होती. तिने त्यांचा निरोप घेतला आणि निघाली, सुई कसली हेही तिने विचारलं नाही. धाकटीने शाळेत फोन करून आजचे उरलेले तास दुसऱ्यांना दिले आणि ताईला आपल्या घरी आणलं. घर दुपारचं रिकामं, उन्हाने भरलेलं. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, ते तिने उचलून जमिनीवर ठेवले आणि तिथे ताईला बसवलं. साडेबाराला घंटी वाजली, दारात पिशवी ठेवून माणूस निघून गेला. तबकांवरचे कागद सोलून धाकटीने अन्न गरम करून ताटात वाढलं. भात, फरसबी, मटाराचा रस्सा. ताई चवीने जेवली. मधेच म्हणाली, "छान केलंय. मीठ अगदी बेताचं आहे." धाकटीने मान खाली घातली. "हो," म्हणाली. "आणखी घे ना." ताईने आणखी घेतलं. आज पहिल्यांदाच धाकटीला वाटलं की काहीतरी सुरू करता येईल. ताईला इथेच आणायचं, लेकीच्या खोलीत दुसरा पलंग घालायचा, सकाळी एक बाई ठेवायची, सात वाजता सगळ्यांनी एकत्र बसायचं. तिच्या डोक्यात रकाने भराभर पडत चालले होते. "ताई," ती म्हणाली, "आता तू इथेच राहायचं. आमच्यात."

ताईने हात धुतले, पुसले, आणि पर्स शोधायला लागली. "निघते मी," ती म्हणाली. "माझं जेवण व्हायचंय अजून." "अगं, झालं की आत्ता," धाकटी म्हणाली. "इथेच तर जेवलीस, माझ्यासमोर." ताई तिच्याकडे बघून हसली. लहान मूल काहीतरी भलतंच बोलून जातं तेव्हा मोठं माणूस हसतं तसं, मायेने. "काहीतरीच तुझं," ती म्हणाली. "इथे मी कधी जेवते?"

अकरा वर्षं रोज, सुट्ट्या आणि आजारपणं सोडली तरी साडेतीन हजार संध्याकाळी. ताई दारात यायची, पिशवी द्यायची, आदल्या दिवशीचे रिकामे डबे घ्यायची, "गरम आहे तोवर बसा," म्हणायची आणि जायची. बस म्हणून तिला कोणी म्हटलं नव्हतं. नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्या गोष्टीला कधी रकानाच पडला नव्हता. धाकटी एखादी तरी संध्याकाळ शोधत होती, लेकीचा वाढदिवस, पाऊस, काहीही, ज्या दिवशी या टेबलावर चार ताटं होती. तिला सगळ्यांच्या वेळा पाठ असतात. तिला एकही सापडली नाही.

ताई तोवर खाली वाकली होती. जमिनीवरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिने एकेक करून उचलले, कडा जुळवल्या, आणि आपण बसलो होतो त्या खुर्चीवर नीट रचून ठेवले.